गोजराबाईचा खाडा

शाळेत भरलेल्या गोजराबाईच्या शोकसभेत शाळा-कमिटीचे उकंडराव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "बाई शांत स्वभावाची होती. आज्ञाधारक होती. कधी वर मान करून बोलली नाही."

मी पहिल्याच रांगेत होते. हातातला हार मी खाली सतरंजीवर ठेवून दिला. शांत! आज्ञाधारक! अहो, ज्या बाईनं याच माणसाला याच शाळेच्या फाटकापुढं भर उन्हात उभं करून घाम फोडला, तिच्याबद्दल हा असं बोलतो आणि सगळी सभा माना डोलावते? माणूस गेलं की त्याला धुऊन-पुसून गुळगुळीत करायची आपल्याकडं रीतच आहे. पण ही बाई गुळगुळीत नव्हती, आणि माझा हात चालतो तोवर तिला मी तसं होऊ देणार नाही. म्हणून घरी आल्या आल्या दौत-टाक घेऊन बसले आहे. आज सन एकोणपन्नास. गोष्ट पंधरा वर्षांमागची.

गाव रिसोड. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण कमिटीतल्या निम्म्या लोकांची नातवंडं अजून माझ्यापुढं पाटी घेऊन बसतात. मी रुख्मिणी, अनसिंगच्या नानाजींची मुलगी. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. बाप शेतकरी, पण हट्टी. भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून त्यानं मला अमरावतीला ट्रेनिंगला घातलं. एकोणिसाव्या वर्षी, शाळा उघडायच्या दिवसात, मी इथं मास्तरीण म्हणून लागले. चार इयत्ता, सत्तावीस मुली आणि शिकवायला मी एकटी.

शाळेत दुसरी नोकर म्हणजे बोलावणारी बाई. आजच्या पोरींना हे सांगितलं तर हसतात. त्या काळी आमच्याकडं मुलगी आपल्या पायांनी शाळेत येत नसे. शाळेची बाई दारोदार फिरे, हाक मारी, झोपलेलीला उठवी, राहिलेली वेणी घाली, आईच्या हातून मुलगी घेई आणि शाळेत पोचवी. शाळा सुटली की पुन्हा घरोघर नेऊन देई. बापाचा रुबाब कितीही मोठा असो, बाईची हाक आली नाही तर मुलगी उंबऱ्याच्या आत. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं.

मी लागले त्यानंतर दोन महिन्यांनी गोजराबाई लागली. उंच, सावळी, पस्तिशीची. आवाज असा की पहिल्या आळीत हाक मारली तर तिसऱ्या आळीतली पोरगी तोंडातला घास गिळून उठे. नवऱ्यानं दुसरी करून हिला घराबाहेर काढलं होतं. भाऊ पुंजाजी याच गावात, त्याच्याकडं कडब्याच्या खोपीत ती राहायची. भाऊ वाईट नव्हता, पण वहिनी वाढताना भाकरीकडं आधी आणि हिच्याकडं नंतर पाहायची. शाळेच्या फाटकाला लागून एक खोली होती, बोलावणाऱ्या बाईसाठीच बांधलेली. कायम झालेल्या बाईलाच ती मिळे, म्हणून कितीतरी वर्षं तिला कुलूप होतं. गोजराबाई येता-जाता त्या कुलपाला हात लावून जायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, आतून कडी लावता येईल असं एक दार मले पाह्यजे, बस. तिचं सारं मागणं एवढंच होतं.

तिची कामाची एक तऱ्हा होती. भावाच्या गोठ्यातला एक जुना लांब दोर तिनं मागून आणला आणि त्याला सत्तावीस गाठी मारल्या. एका मुलीला एक गाठ. पहिली गाठ वेशीबाहेरच्या तांड्यावरल्या चंदाची, कारण फेरी तिथून सुरू होई. शेवटची उकंडरावांच्या लेकीची, कस्तुराची, कारण त्यांचं घर शाळेच्या सगळ्यात जवळ. घरातून निघताना मुलीनं आपली गाठ मुठीत धरायची, ती शाळेच्या पायरीवरच सोडायची. गोजराबाईला आकडे येत नव्हते, पण मागं वळून पाहिलं की कोणती गाठ रिकामी ते तिला लगेच कळे. कमिटीतला एक जण नाक मुरडून म्हणाला, हे काय ढोरं नेल्यासारखं. ती म्हणाली, ढोर चुकलं तर कोंडवाड्यात सापडतं, पोरगी चुकली तर तुम्ही शोधून आणाल का? 

तांड्यावरची चंदा तर तिनंच आणली. चंदाची आई भुरीबाई शाळा म्हटलं की पाठ फिरवायची. गोजराबाई आठ दिवस तिच्या दारात जाऊन बसली. नवव्या दिवशी भुरीबाईनं पोरीचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे पाह्य, मी पोरगी शाळेले नाही देली. तुले देली." हे वाक्य गोजराबाईनं जन्मभर पदराला बांधून ठेवलं.

आता अजमाइश म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नव्या माणसाला कामावर घेतात तेव्हा एकदम पक्कं करत नाहीत. काही महिने पाहतात. काम येतं का, वेळेवर येतो का, वागणूक कशी. पसंत पडला तर कायम, नाहीतर नारळ. सरकारी कागदात याला प्रोबेशन म्हणतात, आमच्याकडं सगळे अजमाइश म्हणायचे. रीत म्हणून ती वाईट नाही. मालकाला माणूस कळतो, माणसालाही मालक कळतो. आमच्या शाळेच्या नियमात शिपाईवर्गाला चार महिने आणि शिक्षकाला एक वर्ष अजमाइश होती. तेवढे दिवस सलग भरले आणि काम समाधानकारक ठरलं की माणूस कायम. मग उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार, बाईला खोली, आणि काढायचं झालंच तर कमिटीनं कारण लेखी द्यायचं. अजमाइशीवरच्या माणसाला कारण द्यावं लागत नसे. उद्यापासून येऊ नका, एवढं म्हटलं की झालं.

सगळी मेख त्या 'सलग' मध्ये होती. मध्ये एका दिवसाचा खाडा पडला की मागचे महिने पाण्यात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

गोजराबाईचे पहिले चार महिने भरायला दोन दिवस उरले होते. थंडीचे दिवस. उकंडराव कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं की बाई, फार राबलीस, उद्याचा दिवस आराम कर. आणि ही भोळी बाई खूश झाली हो! जन्मात तिला कोणी आराम कर म्हटलं नव्हतं. त्या सुट्टीच्या दिवशी तिनं तिळाचे लाडू वळले आणि उकंडरावांच्या घरी नेऊन दिले. लाडू त्यांनी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी नवा कागद तयार होता, आजपासून चार महिने अजमाइशीवर. तो तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी भराभर वाचला, डोळे वर केले नाहीत. तिनं अंगठा उठवला.

संध्याकाळी ती मला म्हणाली, आता खोलीची किल्ली कधी मिळन? तेव्हा मला सगळं फोडून सांगावं लागलं. तिनं दोर उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "मंग मी लाडू काहून नेले व?"

रडली नाही. महिन्यांपेक्षा लाडवांचीच तिला चीड जास्त आली. आणि मला माझी. मी कागद वाचणारी, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी तोंड शिवून बसले होते, कारण माझंही वर्ष भरायचं होतं. अजमाइशीची खरी करामत हीच आहे. ज्याची चालू असते तो शेजारच्याची मान कापली जाताना पाहतो आणि आपली मान चाचपतो. मी तेच केलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

उकंडराव राक्षस होते असं नाही. शाळा त्यांनीच काढली, गावाच्या शिव्या खाऊन काढली, पहिली मुलगी स्वतःच्या घरातली घातली. पण नोकर कायम केला की तो माजतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. टांगलेला माणूस बरा, पायाखाली जमीन आली की तो बोलायला लागतो, असा त्यांचा हिशेब. त्यात ते चुकले नाहीत, हे पुढं कळेलच.

दुसरे चार महिने चैत्रात भरत आले. तीन आठवडे आधी गोजराबाईनं मला नियमांचं पुस्तक पुन्हा वाचायला लावलं. एकेक ओळ, हळू. समाधानकारक या शब्दावर तिनं मला थांबवलं. कोणाचं समाधान, म्हणाली. मी म्हटलं, कमिटीचं. ती म्हणाली, "अन् माह्यं?" 

मुदत भरायच्या आठवड्यातच तपासणीबाई येणार होत्या. सरकारची ग्रँट त्यांच्या शेऱ्यावर. गुरुवार ठरला होता. गोजराबाईनं सत्तावीसही मुली न्हाऊ-माखू घालून आणल्या. तांड्यावरच्या चंदाचे केस विंचरता विंचरता तिच्या दोन फण्या मोडल्या. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मग निरोप आला की वाशिमची सर्व्हिस मोटर वाटेत बंद पडली. उकंडरावांना वाटलं, बाई आता परतल्या असतील, पुन्हा तारीख येईल. तपासणी टळली म्हणून त्यांना दुसरं काम आठवलं. शनिवारी गोजराबाईचे चार महिने भरत होते.

माझ्यासमोरच त्यांनी तिला बोलावलं. तेच शब्द, तोच गोड आवाज. फार राबलीस, उद्या आराम कर.

ती म्हणाली, मी थकली नाही.

तेव्हा त्यांनी समजावणीचा सूर काढला. "बाई, बैल घेतो तरी आपण आठ रोज जुंपून पाह्यतो. माणूस पाह्याले वेळ लागते."

"पाह्या ना," ती म्हणाली. "पन आठ रोज झाले का दाम देता, नाहीतं बैल परत करता. तुमी तं आठव्या रोजी दावं सोडता, अन् नवव्या रोजी त्याच बैलाले म्हनता, हा नवा हाये."

उकंडरावांचे कान लाल झाले. गोड आवाज संपला. उद्या शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, असं तिला बजावलं, आणि मला म्हणाले, मास्तरीणबाई, फाटक लावून घ्या आणि हजेरीच्या बुकात हिच्या नावापुढं खाडा टाका. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शुक्रवारी सकाळची शाळा. मी फाटक लावून आत उभी होते. बाई नाही म्हणजे मुली नाहीत, हे मला ठाऊक होतं. मागच्या खाड्याला रिकाम्या वर्गात मी एकटी बसले होते. आणि पाहते तर वळणावरून तो दोर येतो आहे. पुढं गोजराबाई, मागं चंदापासून कस्तुरापर्यंत सगळ्या, मुठीत गाठी धरून. एकच गाठ रिकामी होती, तिची मालकीण तापानं पडली होती. रोजची फेरी तिनं रोजच्यासारखी केली होती.

फाटकाशी येऊन ती थांबली. आत यायचा प्रयत्नही केला नाही.

"मास्तरीणबाई, मी आज शाळेची बाई हाये का नाही, येवढं सांगा."

मी खाली पाहून म्हटलं की सेक्रेटरींनी नाही म्हणून सांगितलं आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि फाटकासमोरच्या निंबाखाली मुलींना घेऊन बसली.

मी म्हटलं, बाई, निदान मुलींना तरी आत सोड. तर ती म्हणाली, मायांनी पोरी तिच्या हातात दिल्या आहेत. ती शाळेची असती तर पोरी शाळेच्या हातात पोचल्या असत्या. आज ती शाळेची कोणी नाही, मग तिनं त्या कोणाच्या हवाली करायच्या? फाटकाला पोरी देऊ का, म्हणाली. अकरा वाजता प्रत्येकीला जिच्या तिच्या दारात नेऊन घालीन, आणि मायांनी विचारलं तर खरं ते सांगीन.  निंबाखाली तिनं मुलींकडून पाढे म्हणून घ्यायला सुरुवात केली. स्वतःला येत नव्हते, पण कोण चुकतं ते तिला चेहऱ्यावरून कळायचं. मी फाटकाच्या आतून ऐकत राहिले, आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की काय सांगू.

आठच्या सुमारास वळणावरून एक छत्री येताना दिसली. छत्रीखाली तपासणीबाई, मागं पेटी घेतलेला चपराशी. मोटर सकाळी दुरुस्त झाली होती आणि बाई परत न जाता सरळ इथंच आल्या होत्या.

त्या निंबाखालच्या मुलींकडं पाहतात, बंद फाटकाकडं पाहतात, पुन्हा मुलींकडं.  तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिली असावी, कारण उकंडराव फेटा बांधत बांधतच धावत आले. फेट्याचं एक टोक पाठीवर लोंबत होतं. त्यांनी आधी मला झापलं, फाटक काहून लावलं म्हणून! मग तपासणीबाईंना म्हणाले, काही नाही, बोलावणारी बाई नवी आहे, अजमाइशीवर आहे, आज तिची सुट्टी होती, तिला समजलं नाही. मग मुलींकडं वळून हुकूम सोडला, चला आत.

एकही मुलगी उठली नाही. सगळ्यांनी गोजराबाईकडं पाहिलं. उकंडराव स्वतःच्या लेकीजवळ गेले. कस्तुरा सात वर्षांची. दोन्ही हातांनी गाठ धरून बसलेली.

"कस्तुरा, चाल आत."

"बाई म्हनन तवा," ती म्हणाली.

उन्हं चढली होती. उकंडरावांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत आला. तपासणीबाईंच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. त्यांनी गोजराबाईला विचारलं, किती दिवस झाले तुम्हाला इथं?

गोजराबाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

"आठ महिने झाले, बाई. पन मी नवीच हाये. हे मले जुनी होऊच देत नाहीत."

मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, खाड्यासकट, लाडवांसकट. लाडवांचं आलं तेव्हा चपराशी दुसरीकडं पाहायला लागला. तपासणीबाई म्हणाल्या, नोकर ठेवणं-काढणं हे कमिटीचं काम आहे, मला त्यात हुकूम करता येत नाही. मला फक्त जे दिसतं ते लिहिता येतं. उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्या पुढं म्हणाल्या, नोकरांच्या हजेरीचं बुक आणा.

मी बुक आणलं. आजची तारीख, गोजराबाईचं नाव, पुढं रिकामी जागा. खाडा टाकायचा मला धीर झाला नव्हता. तपासणीबाईंनी बुक पाहिलं आणि मला विचारलं, "ही बाई आज हजर आहे की गैरहजर? तुम्ही रोजची हजेरी लिहिता, तुम्हीच सांगा."

उकंडराव माझ्याकडं पाहत होते. त्या नजरेत सगळं लिहिलेलं होतं. माझं वर्ष भरायला दोन महिने होते. बापानं भावकीशी वैर घेऊन मला शिकवलं होतं. परत अनसिंगला गेले असते तर डोकं भादरून कोपऱ्यात बसवायला लोक टपलेलेच होते. आणि समोर ही बाई, सहा वाजल्यापासून सव्वीस मुली सांभाळत उभी, आणि मी म्हणायचं की ती इथं नाही? माझ्यानं नाही झालं. मी टाक बुडवला आणि 'हजर' लिहिलं. शेवटच्या अक्षरावर शाई सांडली. तो डाग त्या बुकात अजून आहे.

गोजराबाईनं मला विचारलं, काय लिहिलं? मी म्हटलं, हजर. तेव्हा ती मुलींकडं वळून म्हणाली, चला व पोरीहो. सव्वीस जणी उठल्या, पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथं एकेकीनं आपली गाठ सोडली.

तपासणीबाईंनी शेऱ्यात लिहिलं की पटावर सत्तावीस, हजर सव्वीस, आणि याचं श्रेय बोलावणाऱ्या बाईला. हिची सेवा सलग दिसते, कायम केल्याचं कमिटीनं कळवावं. हुकूम नव्हता तो, पण खाली ग्रँटचा रकाना होता. पंधरा दिवसांत गोजराबाईला कागद मिळाला आणि किल्ली मिळाली. कुलूप गंजलं होतं, ते दगडानंच फोडावं लागलं. त्या दिवशी भर दुपारी तिनं आत जाऊन कडी लावून घेतली आणि तासभर बाहेरच आली नाही. मी विचारलं, आत काय करत होतीस? म्हणाली, काही नाही, बसली होती.

उकंडराव मला एक शब्दही बोलले नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी गेली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी माझ्या हातात चार ओळींचा कागद पडला. आपलं अजमाइशीच्या मुदतीतलं काम समाधानकारक न आढळल्यानं आपली गरज नाही. वर्ष भरायला बारा दिवस होते. कारण विचारायचा मला हक्कच नव्हता. वाशिमहून दुसरी मास्तरीण आठवड्यात येणार, असं कळलं. मी ट्रंक भरली. अनसिंगला जायच्या विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी गोजराबाईचा निरोप घ्यायला खोलीवर गेले. ती फेरीला निघायच्या तयारीत होती. मी कागद वाचून दाखवला. या वेळी हळू वाचला. तिनं ऐकलं, दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाली, तू इथंच थांब, मी येईपर्यंत हलू नको. मी म्हटलं, बाई, माझ्यासाठी काही करू नकोस, खोली जाईल तुझी. ती एवढंच म्हणाली की खोली बसायले मागितली होती, लपायले नाही.

तासाभरानं दोर आला. मुली फाटकासमोर आल्या आणि थेट निंबाखाली बसल्या, जणू ती त्यांची रोजची जागा. थोड्या वेळानं उकंडराव आले. या खेपेला फेटा नीट बांधलेला होता. ते म्हणाले, आता काय नवीन? तुले तं कायम केलं.

"म्हनूनच बसली," गोजराबाई म्हणाली. "मास्तरीण आत असन तं पोरी आत. नाहीतं मी कोनाच्या हातात देऊ?"

उकंडराव ओरडले, मी तुला काढून टाकीन.

ती उठलीही नाही.

"काढा. पन आता कारन लिहून द्या लागन. लिहा, बाईनं पोरी वेळेवर आनल्या म्हनून काढली. खाली तुमची सही करा. मंग मी तो कागद घरोघर दाखवतो, पोरीईच्या मायाईले."

 कस्तुरा बापाकडं पाहत गाठ घट्ट धरून बसली होती. आळीतल्या दोन-चार बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या, आणि वेशीकडून भुरीबाई हात कमरेवर ठेवून चालत येत होती. मग उकंडरावांनी खिशातून त्या चार ओळींच्या कागदाची नक्कल काढली, तिचे तुकडे केले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, शाळा भरायची वेळ झाली. आणि निघून गेले. 

गोजराबाई खोलीच्या दाराकडं वळली. मी दाराला धरून उभी होते. चैत्रात तापानं पडलेली मुलगी अजून शाळेत येत नव्हती, तिची गाठ रिकामीच होती. गोजराबाईनं ती माझ्यापुढं केली.

"धर," ती म्हणाली.

मी धरली. सव्वीस मुलींच्या मध्ये ती रिकामी गाठ धरून मी फाटकातून आत गेले, आणि पायरीवर सगळ्यांसारखी सोडली. मग बुक उघडलं आणि हजेरी घेतली. आधी मुलींची, मग गोजराबाईची, मग माझी. त्या दिवशी आम्हां दोघींपैकी खाडा कोणाचाच पडला नाही.